मंगळवारचं खोबरं

"मॅडम, माझा पासपोर्ट घरी पोचून हरवलाय."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला चोपड्याच्या पोलीस ठाण्यात दिपमाला बडगुजर हे बोलली आणि मटकन खुर्चीत बसली. समोरच्या हवालदार सविता तायडेने हातातला चहा खाली ठेवला.

सात वर्षं सविता पासपोर्टची पडताळणी करत होती. तालुक्यातल्या शेकडो लोकांना तिने 'हरकत नाही' असा शेरा दिला होता आणि ती स्वतः सुरतेच्या पुढे कधी गेली नव्हती. तरी लोकांना वाटायचं, परदेशाची किल्ली हिच्याच खणात असते. भाचा प्रशील याचा शिक्षणाचा व्हिसा दोनदा नाकारला गेला, तेव्हा सख्ख्या बहिणीने तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता. व्हिसा हा शब्द कानावर आला की तिचं डोकं उठायचं.

"पोचून हरवलाय म्हणजे?"

"कुरिअर मंगळवारी अकरा चाळीसला पोचवलं असं दाखवतंय. घरात मात्र कुणीच घेतलं नाही म्हणतात. दोन दिवस घर उलटंपालटं केलं. सोमवारी माझं विमान आहे."

दिपमाला जळगावच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. रोज एसटीने जाऊन-येऊन ती जर्मन शिकली होती. एकदा परीक्षेत नापास झाली, पुन्हा बसली. कागद जर्मनीला पाठवले, परत आले, पुन्हा पाठवले. तीन वर्षांनी तिकडच्या रुग्णालयाचा करार मिळाला आणि कामाचा व्हिसा मंजूर झाला. आधी तिने जायचं, मग नवरा आणि चार वर्षांची मुलगी यांनी कुटुंबाच्या व्हिसावर यायचं, पुढे जमलं तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा, असं ठरलं होतं. एक तारखेला तिला कामावर हजर व्हायचं होतं.

"हरवल्याची तक्रार घ्या, म्हणजे मी नव्यासाठी अर्ज करते," ती म्हणाली.

"घाई करू नकोस. एकदा नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो. उद्या उशीखाली सापडला तरी उपयोग नाही. आत चिकटवलेला व्हिसाही त्याच्याबरोबर गेला. तक्रार करायला कुणी सांगितलं?"

"पियुषने. माझे फॉर्म तोच भरतो, जळगावला."

"मोबाईल नंबर कुणाचा टाकला होता?"

दिपमाला हळूच म्हणाली, "त्याचाच."

सविताने कपाळाला हात लावला. तीन-तीन वर्षं परकी भाषा शिकणारी माणसं स्वतःचा नंबर मात्र एजंटच्या हवाली करतात. तिने पियुषला फोन लावला.

"मेसेज आला होता, मॅडम. मी लग्नात होतो, पाहिलाच नाही. पण काळजी नको, नवा अर्ज करून टाकू. मी आहे ना!"

"तू आहेस हेच तर दुखणं आहे," असं म्हणून सविताने फोन ठेवला आणि दिपमालाकडे वळली. "मंगळवारी घरी काही वेगळं घडलं?"

"काही नाही. मी ड्युटीवर होते. संध्याकाळी आले, प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि झोपले. रोजच्यासारखंच."

"तू जाऊ नयेस असं कुणाला वाटतं?"

"सासूबाईंना. त्या सगळ्या गावासमोर म्हणाल्यात, पासपोर्ट आला की चुलीत घालीन. आणि..." ती अडखळली. "स्वप्नीललाही थोडं वाटतं. बायकोच्या व्हिसावर जायचं म्हणजे त्याला कसंतरी होतं."

"चारपर्यंत थांब. नाही सापडला तर तक्रार लिहू," सविता उठत म्हणाली.

कुरिअरवाला भिकन बसस्टँडजवळच सापडला.

"पाकीट कुणाला दिलं?"

"ताईंनाच. सही आहे ना, मॅडम."

"त्या वेळी ताई जळगावात इंजेक्शनं देत होत्या. खरं बोल."

भिकनने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "ताईंच्या गावाच्या फाट्यावरच दिलं. ऊन फार होतं. मी विचारलं बडगुजर का, समोरून हो आलं. मी फोनवर बोलत होतो, तोंडाकडे पाहिलंच नाही. सही मीच ठोकली."

"अख्ख्या गावात बडगुजर किती?"

"अर्धं गाव," तो पुटपुटला. "पण फोटो काढलाय. काढावाच लागतो."

फोटोत पाकीट होतं, पाकिटावर दिपमालाचं नाव होतं आणि पाकीट धरणारा अंगठा होता. त्या अंगठ्यावर आणि नखाच्या कडेला काळपट डाग होते. केळीचा चीक. घड कापणाऱ्या हातावरून तो आठ-आठ दिवस जात नाही. म्हणजे हात पियुषचा नव्हता. पण केळीच्या गावात असे हात शोधायचे म्हणजे पुन्हा अर्धं गाव आलंच. सविताला भिकनच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. तिने फक्त फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेतला.

बारा वाजता ती दिपमालाला घेऊन तिच्या गावातल्या घरी पोचली. सासू तानुबाई ओट्यावर गहू निवडत होती.

"या, या! चोर घरमां शे, पकडा," तानुबाई मान वर न करता म्हणाली.

"अक्का, पासपोर्ट तुम्ही घेतला?"

"बठ्ठा म्हनतस तं लिन्हा व्हई."

"सगळे म्हणतात ते सोडा. मंगळवारी दुपारी कुठे होतात?"

"माले नही सांगनं. तीन दिन कोनी इचारं नही, सरळ चोरच ठरायं. आते कसाले सांगू?"

तिचा मुलगा स्वप्नील बाहेर आला. चोपड्यात त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं. हात स्वच्छ, नखं कापलेली. पण पांढऱ्या शर्टावर खिशाजवळ गुलाबी डाग होता.

"हे काय?" सविताने विचारलं.

"बुधवारी इस्त्री केली तेव्हा लागलं. इस्त्रीच्या तळाला काहीतरी चिकटलं होतं. मॅडम, आई रागावते, ओरडते, पण... म्हणजे आता मलाच कळत नाही. तिनेच कुठेतरी..."

"वाक्य पुरं कर ना!" तानुबाई कडाडली. "पोटना पोर्‍या शे मन्हा, आयका! माले तिन्हं जाणं पसंद नही. ते मी तोंडवर सांगस. लपाडीसन कसाले करू?"

सासरे मगन आबा तांब्याभर पाणी घेऊन आले. सुनेच्या जाण्याला घरात सगळ्यात आधी त्यांनी होकार दिला होता. भाषेच्या क्लासच्या दिवसांत पहाटे तिला एसटीपर्यंत तेच सोडायचे. सविताने पाणी घेतलं. त्यांच्या बोटांवर चीक होता, पण दारातून डोकावणाऱ्या दोघा शेजाऱ्यांच्या बोटांवरही होता.

दोन वाजून गेले. पेट्या, पलंग, धान्याची कोठी, सगळं पुन्हा पाहून झालं. चुलीतली राखही चाळली. दिपमाला भिंतीला टेकून बसली होती, तिला आता रडूही येत नव्हतं. सविता चिडली होती, स्वतःवरच. घरातले चौघं समोर, परक्याने घेतलं असतं तर नाव पाहून एव्हाना आणून दिलं असतं, म्हणजे पाकीट घरच्याच माणसाकडे हे उघड, आणि हाती काही लागत नव्हतं.

तिची नजर देव्हाऱ्यावर गेली. देव्हाऱ्यात कुंकवाची वाटी होती, हळदीची वाटी होती आणि खाली पाटाआड फोडलेल्या नारळाची शेंडी पडली होती. सविताच्या घरी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. तिथे कुंकू नसतं, नारळ नसतो. म्हणूनच कदाचित सकाळी ऐकलेली गोष्ट तिच्या कानावरून तशीच गेली होती.

"अक्का, देवपूजा रोज कोण करतं?"

"मीच करस."

"मग मंगळवारचा नारळ कसला होता?"

तानुबाईचा हात सुपातच थांबला. "मंगळवारे तं मी धुयामां, मन्ही बहीणकडे. सकायनी गाडीघाई जायेल, या दोन्ही घर येवाना पहिले वापस. कसाना नारय?"

सविताने दिपमालाकडे पाहिलं. "मंगळवारी संध्याकाळी खोबरं तुझ्या हातावर कुणी ठेवलं?"

"आबांनी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

मगन आबांनी डोक्यावरची टोपी काढली. सविता बोलू लागली.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. फाट्यावर भिकनने नाव विचारलं. पाकीट सुनेचं आहे हे तुम्हाला कळलं. नवा ट्रॅक्टर आला तरी तुमच्याकडे आधी पूजा होते, मग हा तर घरातला पहिला परदेशाचा कागद. घरात कुणी नव्हतं, नातही अंगणवाडीत. तुम्ही पाकीट उघडलं, व्हिसाचं पान देवापुढे ठेवलं, नारळ फोडला आणि कुंकू लावलं. ओलं कुंकू."

आबांनी मान हलवली.

"ते पसरलं. तुम्ही ओल्या फडक्याने पुसलं, आणखी पसरलं. मग पान सुकवायला इस्त्री फिरवली. इस्त्रीच्या तळाला कुंकू लागलं, दुसऱ्या दिवशी तेच स्वप्नीलच्या शर्टावर उतरलं. पूजा रोज करणारी बाई त्या दिवशी धुळ्यात होती, म्हणजे नारळ फोडणारा दुसरा. स्वप्नील दुकानात, आणि फोटोतल्या अंगठ्यावर केळीचा चीक. आबा, पासपोर्ट कुठेय?"

"मोटरना स्टार्टरनी पेटीमां," आबा म्हणाले. "चांगलं व्हवाले पाहिजे म्हनीसन करं, बाई. खरं सांगस. पुसं तं आखो पसरनं. मंग तोंड उघडाले हिंमत नही व्हयनी."

स्वप्नील मळ्यात धावला आणि पासपोर्ट घेऊन आला. व्हिसाचं पान आकसून वाकडं झालं होतं. फोटोवर लाल डाग, खालच्या दोन ओळी पुसून गेलेल्या. दिपमालाने ते पान उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मंगळवारीच सांगितलं असतं, आबा," ती म्हणाली. "बुधवारी मी मुंबईची जर्मन वकिलात गाठली असती. काहीतरी झालं असतं. तीन दिवस! तीन वर्षं काढली मी, आणि तुम्ही तीन दिवस गप्प बसलात!"

तानुबाई उठली. नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तीन दिन बठ्ठा माले चोर म्हनी ऱ्हायनात, आनि तुम्ही आयकत बठनात?"

आबांनी मान खाली घातली. स्वप्नील आईकडे पाहू शकत नव्हता. चूक झाली, डाग पडला, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण त्याहून मोठा गुन्हा हा होता आणि त्याला कुठलंही कलम नव्हतं. सविताला मनापासून राग आला.

"पासपोर्ट हरवलेला नाही, खराब झालेला आहे," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "झालं ते खरं लिहून नवा पासपोर्ट मागायचा. मग व्हिसासाठी पुन्हा अर्ज. सोमवारचं विमान विसर."

दिपमाला अंगणात गेली आणि तिने तिकडच्या रुग्णालयाला फोन लावला. घरातले सगळे दारात उभे राहून ऐकत होते. आपल्या सुनेला ती भाषा इतकी भरभर बोलताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना त्यातलं फक्त 'बडगुजर' कळलं.

"एक महिना थांबतील," फोन ठेवून ती म्हणाली. "एकदाच. पुन्हा उशीर झाला तर जागा दुसऱ्या कुणाला."

सविताने एक कोरा कागद पुढे सरकवला. "तू ड्युटीवर असताना पाकीट आलं तर कुणाच्या हातात द्यायचं, ते लिहून दे. आता भिकन यात नाव नसलेल्या कुणाला देणार नाही, ते मी बघते."

स्वप्नीलने पेन काढून दिला. "माझं नाव टाक."

दिपमालाने लिहिलं आणि कागद सासूसमोर धरला. "आई, इथे सही करा."

तानुबाईने सावकाश वाचलं. "मन्हं नाव? तुले माहीत शे ना, माले तुन्हं जाणं पसंद नही? धुयाले मी कसाले गयी, इचारं का कोनी? बहीणना शेजारनी वहू जर्मनीले गयेल शे, तिन्ही चौकशी कराले. पाच वरीसमां एकदाव घर उनी."

"माहीत आहे, आई."

"मी चूलमां घाली दिन्हा तं?"

"तर तुम्ही मला तोंडावर सांगाल."

तानुबाईने पदराला दोन्ही हात नीट पुसले आणि पेन घेतला.