मानेवरची रेघ

"दार लोटून घ्या रे. आणि मधे कोणी खिदळायचं नाही. हा सलूनवाला माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या बापापुढे मी जन्मभर मान तुकवली, हजामतीला."

तर गेल्या आठवड्यातला शनिवार. रात्री दुकान बंद करून सलूनवाला डबा पोचवायला निघाला. आपल्या उपनगराचं ते छोटं संग्रहालय, जुन्या पोस्टाच्या इमारतीतलं. तिथे त्याच्या बहिणीचा नवरा राखणदार. डबा आपलं निमित्त. मनात पाल चुकचुकत होती.

बाप गेल्यावर त्याची लोखंडी खुर्ची न् कात्री सलूनवाल्याने संग्रहालयाला दिली होती. जुना रेडिओ, शाळेची घंटा, त्यांच्याशेजारी ती मांडलेली. आणि हल्ली रोज सकाळी खुर्चीखाली केस सापडायचे. पांढरे, आखूड, ताजे कापलेले. संग्रहालयाच्या बाईंनी राखणदाराला बजावलं होतं, "उद्या पुन्हा दिसले तर दुसरा माणूस बघीन."

"भाऊजी, खरं सांगा, रात्री कोणाची हजामत करता?"

"तुमच्या बहिणीची शपथ, कात्रीला हात लावला नाही."

"तिचीच शपथ घेऊन तुम्ही सिगारेट सोडली होती."

भाऊजी ओशाळले, मग चिडले. "आधी स्वतःची मान बघा, झुडूप झालंय! जगाचे केस कापता न् स्वतःचे वाढवता."

खरंच होतं ते. बापामागे सलूनवाल्याने मान कोणाच्या हाती दिलीच नव्हती. विश्वासच नव्हता कोणावर.

"घ्या किल्ली," भाऊजी म्हणाले. "कुलूप आतून लावा. मी फाटकाशी बसतो. नोकरी गेली तर तुमच्या बहिणीला तुम्हीच तोंड दाखवा."

सलूनवाल्याने कुलूप लावलं. खिडक्या पाहिल्या, कपाटामागे पाहिलं. कोणी नाही. दिवा घालवून तो त्या खुर्चीतच बसला. चोर इथेच येणार ना?

डाव्या कानामागचा तीळ त्याने सवयीने चाचपला. लहानपणी तिथे बापाचा वस्तरा लागला होता. पुढे बाप तिथली बट कधी कापायचा नाही. सोडून द्यायचा.

बराच वेळ गेला.

मग... खच्. खच्.

कात्री. हवेतच. केसाला लावण्याआधी बाप अशीच वाजवायचा.

"भाऊजी?"

लांबून, फाटकापाशी, भाऊजी खोकले.

मग हे कोण...

मानेवर पाणी. गार.

कोणीतरी हलकेच डोकं पुढे वाकवलं. लहान पोराचं वाकवतात तसं.

तो ओरडला नाही. उठला नाही.

खच्...

...

सकाळी बाई आल्या. सलूनवाल्याने आतून कुलूप काढलं. खुर्चीखाली केस होतेच. पण या वेळी काळे.

"राखणदार!" बाई कडाडल्या.

"त्यांना बोलू नका बाई," सलूनवाला म्हणाला. "केस माझे आहेत."

खोटं काय होतं त्यात? भाऊजींची नोकरी राहिली. त्यानंतर खुर्चीखाली केस पडले नाहीत.

पण परवा मी त्याच्या दुकानात गेलो होतो. पाठमोरा उभा होता. मान स्वच्छ, रेघ दोरी धरल्यासारखी सरळ. स्वतःच्या मानेवरचे केस असे कोणाला कापता येतात, सांगा बरं?

आणि डाव्या कानामागे, तिळापाशी... एवढीशी बट.

सोडलेली.