डाव्या अंगाची सवारी

माझा स्वभाव संशयी आहे. मोटारीच्या धंद्यात तो असावाच लागतो. ड्रायव्हर पेट्रोल विकतो, लोहार स्प्रिंगचा जुनाच पाटा घासून नवा म्हणून देतो, आणि सवारी उतरताना गादीखालचा पान्हा घेऊन जाते. आमची ताराबाई म्हणते, "तुम्ही देव्हाऱ्यातल्या देवांवरही पाळत ठेवाल." बायको आहे, म्हणायचीच.

१९३८ साली निपाणी ते बेळगाव अशी माझी एक जुनी मोटार भाड्यानं फिरत होती. हुडाला ठिगळं, एका दाराला सुतळी. पण इंजिन गुणी. वर्षातून एकदा तिला बेळगावला पासिंगला न्यावं लागे. तिथले तपासणीचे साहेब ब्रेक, दिवे, हॉर्न बघत आणि शेवटी मागं जाऊन गाडी सरळ उभी आहे का ते बघत. पास झाली नाही तर ती दारात पडून राहणार, आणि दुसरी घेण्याची माझी ऐपत नव्हती. घर तिच्यावरच चालत होतं.

त्या वर्षी नेमकी पासिंगच्या तोंडावर गाडी मागून डावीकडं बसली. दोन बोटं तरी. पाटे दमले असतील म्हणून लोहाराकडून नवे घालून घेतले. सकाळी बघतो तर तीच गत. मग मीच डावीकडचे पाटे उजवीकडं लावले आणि उजवीकडचे डावीकडं. दोष पाट्यांत असता तर गाडी उजवीकडं बसायला हवी होती. ती डावीकडंच बसली.

म्हणजे वजन होतं. निपाणीत चोरून न्यायचं वजन म्हटलं की तंबाखू. माझा ड्रायव्हर मष्णू परस्पर कुणाचा तरी माल नेत असणार, अशी माझी खात्रीच झाली. त्याला न सांगता मी मागची गादी उसवली. आत नुसता काथ्या. तळाची फळी काढली, तर खाली धूळ. वास मात्र येत होता, पण तंबाखूचा नव्हे, भिजलेल्या घोंगडीचा. उन्हाळ्याचे दिवस होते.

मी मष्णूला बोलावून उसवलेली गादी दाखवली.

"कुणाचा माल नेतोस?"

"माल न्हाय वो, अण्णा."

"मग गाडी कशानं बसल्या?"

तो टायरपाशी उकिडवा बसला. "भवानीची सवारी हाय," म्हणाला.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. आमच्या रस्त्यावर पहिल्या सवारीला कुणी नाही म्हणत नाही, कुठं उतरणार असंही विचारत नाही. तिनं थांब म्हटलं की थांबायचं, एवढंच.

"तवंदी घाटाखाली एक म्हातारी बसली," मष्णू सांगू लागला. "मागं, डाव्या अंगाला. बेळगावात समदी उतरली. ती उतरल्याली मी बघितली न्हाय."

"गर्दीत उतरली असंल."

"थांब म्हटली न्हाय ती."

"मग उतर म्हणून सांगायचं न्हाय व्हय?"

"भवानीला कसं सांगायचं, अण्णा?"

"त्या जागंवर आता कोण बसत न्हाय?"

"बसत्यात की. पर लगेच सरकत्यात."

चोरीवर पांघरूण घालायला माणूस काय काय रचतो, असं मला वाटलं. रागही आला. पासिंगच्या दिवशी वाटेत काही चढवायला नको म्हणून मी स्वतः मष्णूशेजारी बसून निघालो. मागं कुणालाही घेतलं नाही. काकतीपाशी गाडी थांबवून मी उतरलो आणि मागं जाऊन पाहिलं. डावी बाजू खालीच होती.

बेळगावात किल्ल्याजवळच्या मैदानावर साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले. मग ते मागं गेले.

"डावीकडं का झुकली आहे?"

"पाटे नवे आहेत, साहेब."

"ते मला दिसतंय. अशी गाडी मी पास करणार नाही."

आत काही नाही हे दाखवावं म्हणून मी मागचं डावं दार उघडलं आणि स्वतःच जाऊन बसलो. मी अंगानं चांगला जाड आहे. गाडी आणखी झुकायला हवी होती.

ती झुकली नाही.

माझ्या उजवीकडची गादी हळूहळू दबत गेली. आलेल्याला जागा द्यायला कुणी पलीकडं सरकावं तशी.

"आता सरळ आहे," साहेब मागून म्हणाले. "पाटा कुठंतरी अडकला असेल, तुमच्या वजनानं सुटला. पास."

मला आनंद झाला नाही. उतरून पळावं असं वाटलं. पण साहेब मागंच उभे होते, आणि मी उतरलो की त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी पुन्हा डावीकडं बसली असती. मी बसून राहिलो.

मष्णूनं मागं वळून बघितलं नाही.

"जायचं न्हवं, अण्णा?"

"चल."

मैदान मागं पडलं. काकती गेली. थांब म्हणावं असं फार वाटत होतं, पण भवानीच्या आधी ते कसं म्हणायचं? मी दाराला चिकटून बसलो.

वंटमुरीच्या घाटात गाडी उजवीकडं वळली, तेव्हा माझ्या खांद्यावर भार आला. डुलकी लागलेल्या सवारीचं डोकं कलंडावं तसा.

वळण संपलं. भार खांद्यावरच होता.