तसबिरीतली खालची रांग

ही कुणाकडून कानावर आलेली गोष्ट नाही. आमच्या सरूमावशीच्या अंगावर बेतलेली आहे. साल एकोणीसशे बासष्ट, गणपतीच्या आधीचा महिना. गाव रोहा, वेळ दिवेलागणीची.

सरूचा नवरा गुणाजी पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचा. रोह्याच्या माधवरावांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या जमिनी कूळकायद्यात गेल्या, पण ऐट गेली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही! मुंबईच्या लिलावातून त्यांनी एक विलायती तसबीर आणली होती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. कुरळ्या केसांचा टोप घातलेला उमराव. छातीला चिलखत, मागे मखमली पडदा, पायाशी घराण्याची ढाल.

आणि ढालीच्या खाली... हात जोडून वाकलेल्या माणसांची बारीक रांग.

उमरावाचे डोळे कसरीने खाल्ले होते. ते गुणाजीने आखून दिले.

घरी आला तो वाकलेलाच.

"पाठ उचलत नाय गो," एवढंच म्हणाला.

वैद्य झाला, शेक झाला. रोज तो थोडा अधिक वाकायचा. शेवटी कपाळ गुडघ्यांना टेकलं. श्वासाला जागा उरेना.

"तिथं केलात काय तुमी?" सरूने रडत विचारलं.

"सवय गो... डोळे आखायच्या आधी देवाला हात जोडतो ना... तसाच वाकलो..."

सरू तडक रोह्याला गेली. तसबिरीला काच अजून बसवली नव्हती. तिने खालची रांग पाहिली...

शेवटचा माणूस नवा होता. कानामागे कुंचला.

"मालक, ते डोळे पुसू द्या. माझा माणूस मरतोय वो!"

माधवरावांनी खुर्चीतूनच तसबिरीकडे बोट केलं. "या घरात यांच्यापुढे आधी वाकतात. मग बोल."

वाकलं की काय होतं, ते सरूने रोज पाहिलं होतं.

तरी ती वाकली. हात जोडले.

मग ओल्या पदराने दोन्ही डोळे पुसून टाकले. माधवराव ओरडतच राहिले.

त्याच संध्याकाळी पेणला गुणाजी ताठ उभा राहिला.

मावशीला लोक म्हातारपणाने वाकलेली समजायचे. ती वाकली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. डोळे पुसले, नवरा सुटला, मग तिलाच का सोडलं नाही... कुणालाच कळलं नाही.

ती गेली, तेव्हा तिरडीवर सरळ निजवता आली नाही. कुशीवर न्यावी लागली.

तसबीर अजून रोह्यात आहे म्हणतात. खालच्या रांगेत पदर घेतलेली बाई आहे का, ते पाहायला जायची माझी छाती होत नाही.