पेटीतली चांदीची गदा

"माझ्या वडिलांचा आवाज चोरीला गेलाय," खुर्चीत बसता बसता यशराज पोवार म्हणाला.

त्र्यंबकरावांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. वहिनींच्या बैठकीत त्यांनी दागिन्यांच्या चोऱ्या ऐकल्या होत्या, एकदा म्हशीची, एकदा नवरदेवाच्या फेट्याची. आवाज चोरीला गेल्याचं मात्र पहिल्यांदाच ऐकत होते.

इरावती हेर्लेकर राजारामपुरीतल्या आपल्या घरी पुढच्या खोलीत खासगी तपासाचं काम करत. त्र्यंबकराव त्यांचे धाकटे दीर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी वहिनींचे मदतनीस झाले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण घरातल्या माणसाला काढणार कोण?

"नीट सांगा," इरावतीबाई म्हणाल्या.

यशराजने मोबाइल टेबलावर ठेवला. त्याची कंपनी छोटी, पण गेम कोल्हापुरात घरोघरी पोचलेला. नाव 'हौदा'. लाल मातीच्या हौद्यात आपला मल्ल उतरवायचा आणि कुस्त्या मारायच्या. मल्लाला नटवायचं असेल तर पैसे भरून एक पेटी उघडायची. आत काय आहे ते आधी कळत नाही. बहुतेक वेळा लंगोट निघतो, कधी मुदगल, क्वचित चांदीचं कडं. आणि नशीब फारच जोरावर असेल तर चांदीची गदा.

"गदा निघण्याची शक्यता किती?" त्र्यंबकरावांच्या जिव्हाळ्याचा विषय निघाला होता.

"गेममध्ये पाटीवर लिहिलेली असते. ॲप विकणाऱ्यांचा तसा नियमच आहे. शंभरात एक."

"म्हणजे शंभरावी पेटी उघडली की गदा मिळालीच, असं नव्हे हं. लोकांची इथेच गफलत होते."

"भावोजी," इरावतीबाई म्हणाल्या, आणि त्र्यंबकराव परत चहाकडे वळले.

यशराजने पेटीवर बोट ठेवलं. आधी हलगी कडाडली, मागोमाग खणखणीत म्हातारा आवाज आला. "ऐका हो ऐका, सगळ्यांनी ऐका. पेटी उघडायच्या आधी ऐका. हजार पेट्यांत चांदीची गदा एक. सोसंल त्यानं यावं, न्हाय त्यानं घरी जावं."

"सोमवारपासून हे वाजतंय. आवाज आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. उभा जन्म ते मैदानात कुस्त्या पुकारत आलेत. गेममधला सगळा पुकारा त्यांचाच, पण तो गेल्या वर्षी रेकॉर्ड केलेला. त्यानंतर ते माइकसमोर गेलेलेच नाहीत."

"आणि खरं काय? शंभर की हजार?"

यशराज खिडकीकडे बघत राहिला. "सुरुवातीला शंभरच होतं. मग खर्च वाढला. आतला आकडा बदलला, पाटी बदलायची राहिली."

"राहिली की ठेवली?"

"ठेवली," तो हळूच म्हणाला. मग त्याचा स्वर चढला. "पण खरा आकडा दोघांनाच माहीत. मला आणि गुरुप्रसादला. बालवाडीपासूनचा दोस्त आहे तो, तालमीतला जोडीदार, कंपनीत भागीदार. हल्ली यंत्राला चार वाक्यं ऐकवली की ते कुणाच्याही आवाजात बोलतं. त्यानं आबांचा आवाज बनवून माझ्या उरावर बसवला. मला फक्त पुरावा द्या. आज संध्याकाळी भागीदारी मोडतो."

हे बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. त्र्यंबकरावांना त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"वडील काय म्हणाले?" इरावतीबाईंनी विचारलं.

"त्यांना विचारलं नाही. त्यांना या यंत्रांतलं काही कळत नाही."

इरावतीबाई उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

कंपनीची कचेरी शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर होती. दाराशीच एका खुर्चीत पटका बांधलेला, अजून मांडी शाबूत असलेला म्हातारा नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. हेच हंबीरराव, यशराजचे आबा. यशराज आत गेला, पाव्हणे मात्र तिथेच अडले.

"या पावणं, बसा की. च्या सांगू?"

चहा आला, बिस्किटं आली, शेंगदाणे आले. त्र्यंबकरावांनी शेंगदाण्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"नगं. नवं दात बसवल्यात दिवाळीनंतर. सून म्हणती हसल्यावर ब्येस दिसतंय. दिसतंय खरं, पर चावाय काय उपेग न्हाय." आबांनी बिस्किट चहात बुडवलं.

त्र्यंबकराव वाकून मोबाइल बघत होते. पडद्यावर एक मल्ल दंड थोपटत उभा होता. मनगटात चांदीचं कडं चमकत होतं. "आबा, तुम्ही पण खेळता की काय?"

"छ्या. पोरांनी घालून दिलंय. मी आपला नुसता बघत बसतो." आणि आबांनी मोबाइल मांडीवर पालथा घातला.

आत मैथिली बसली होती. गेममधली चित्रं तिची आणि आवाजांची मांडामांडही तिची. माहेर हुपरीचं. चांदीची गदा तिने वडिलांच्या चांदीच्या कारखान्यात बसून बघून बघून काढली होती, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं.

"फार सुंदर आहे," इरावतीबाई म्हणाल्या. "आणि ते कडं? ते सहज मिळतं का?"

"छे हो ताई. कडंसुद्धा फुकट मिळत नाही. पेट्यांवर पेट्या उघडाव्या लागतात."

"आबांचे जुने पुकारे ऐकवता?"

मैथिलीने एकेक लावला. "सलामी घ्या", "समोरासमोर या", "शाबास रं वाघा". प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजत होती. मैथिली पहिल्यांदाच हसली. "आबांचा पुढचा दात पडला होता तेव्हा. बारक्या पोरांना ही शिट्टी लई आवडते. मुद्दाम 'सलामी' दाबत बसतात."

"नवा पुकारा गेममध्ये कुणी चढवला?"

तिचं हसू मावळलं. "चढवायला गुरूसरांची चावी चालते, माझीपण चालते. मी वरून सांगितलेलं काम करते, ताई. मनचं काही करत नाही." बोलताना तिची नजर यशराजच्या केबिनकडे गेली नाही, दाराकडे गेली. त्र्यंबकरावांना वाटलं, पोरीला घरी जायची घाई झाली असेल.

गुरुप्रसाद मात्र सरळ सामोरा आला. उंच, खांदे पडलेले, रात्रभर झोपला नसावा.

"मीच केलं," तो म्हणाला. "यशाला सांगा, मीच केलं."

"कसं?"

"आबांचे जुने पुकारे यंत्राला ऐकवले. त्यानं नवा बनवून दिला."

"फक्त जुनेच?"

"दुसरे आहेतच कुठे?"

"आणि का केलंत?"

"खोटी पाटी सहन होईना."

"मग पाटी का नाही बदललीत? एक आकडा तर बदलायचा होता. पुकारा कशाला?"

गुरुप्रसादने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

बाहेर येताच त्र्यंबकराव समाधानाने म्हणाले, "चला, आटोपलं. आरोपी कबूल, कारण स्पष्ट. मिसळ खायला मोकळे."

"भावोजी, तुम्ही गणिताचे पेपर तपासताना नुसतं उत्तर बघत होता की पायऱ्याही बघत होता?"

"पायऱ्यांनाच तर मार्क असतात."

"मग या पोराच्या पायऱ्या चुकल्यात," इरावतीबाई म्हणाल्या आणि यशराजच्या केबिनचं दार ढकललं.

थोड्या वेळाने सगळे त्या केबिनमध्ये दाटीवाटीने बसले होते. यशराजसमोर भागीदारी मोडल्याचा कागद तयार होता. आबांना बोलवायला निघालेल्या त्र्यंबकरावांचा हात गुरुप्रसादने धरला. "आबांना नको. हात जोडतो."

"त्यांच्याशिवाय हे सुटणार नाही," इरावतीबाई म्हणाल्या. आबा आले आणि मुलाच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"यशराज, तुम्ही म्हणालात, आवाज चोरीला गेला. चोरी झालेलीच नाही. यंत्राला जुने पुकारे ऐकवले असते तर त्यानं जुनाच आवाज काढला असता, शिट्टीसकट. नवा पुकारा परत लावा."

हलगी कडाडली. "ऐका हो ऐका, सगळ्यांनी ऐका..."

"'सगळ्यांनी' ऐकलंत? 'सोसंल' ऐकलंत? शिट्टी कुठे आहे? हे नव्या दातांतून बोललेलं आहे. म्हणजे दिवाळीनंतर. हा आवाज बनवलेला नाही. आबा स्वतः बोललेत."

त्र्यंबकरावांना शेंगदाण्याची बशी आठवली आणि आपण ती स्वतःच्या हाताने सरकवली होती हेही आठवलं.

"गुरुप्रसादना ते ऐकताक्षणीच कळलं. म्हणून त्यांनी आळ स्वतःवर घेतला. पण ते प्रोग्रॅम लिहिणारे. त्यांनी केलं असतं तर पाटी बदलली असती. पुकारावंसं फक्त पुकारणाऱ्याला वाटतं. राहिली मैथिली. तिनं पुकारा चढवला, कारण तिला वरून सांगितलं गेलं. या कचेरीत वर कोण? मालक. आणि मालकाच्या वर?"

"आबांनी सांगितलं म्हणजे सरांनीच सांगितलं असं वाटलं मला," मैथिली रडवेली झाली. "आबा म्हणाले, यशाला मी सांगतो."

"पण आबांना खरा आकडा कळला कसा?" यशराजने विचारलं.

"त्यांनी मला विचारलं," गुरुप्रसाद म्हणाला. "आबांशी खोटं बोलायला मला येत नाही, यशा. लहानपणापासून आलं नाही."

"आणि आबांनी का विचारलं," इरावतीबाईंचा आवाज मऊ झाला, "तेच गुरुप्रसादना तुमच्यापासून लपवायचं होतं. आबांच्या मल्लाच्या मनगटात चांदीचं कडं आहे. ते फुकट मिळत नाही."

यशराजला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो वडिलांकडे वळला. "आबा, तुम्ही पेट्या उघडत होता? माझ्या? पेन्शनीतून?"

"मग दुसऱ्याच्या उघडू व्हय?" आबा म्हणाले. "जन्मभर लोकांच्या गदा पुकारल्या. ह्याला गदा, त्याला गदा. वाटलं, एक आपल्या नावावर असावी. त्यातनं पोराच्या मैदानातली. पाटीवर शंभर लिवलंवतं, म्हटलं कवातरी निघंलच. निघंना. म्हणून गुरूला इचारलं."

"मला का नाही बोललात?"

"मैदानात पैलवान उतरायच्या आधी इनाम पुकारत्यात, यशा. समद्यांच्या देखत. मग ज्याला लढायचं त्यो लढतो. तुझ्या मैदानात पुकारणारा मी, आन् माझ्याच मैदानात इनाम खोटं. म्हणून पुकारलं. आन् तुझी वाट बघत बसलो. सोमवारपास्नं दारातच बसलोय. म्हटलं, पोरगं येईल, इचारंल. माझाच आवाज वाजतोय, आन् मलाच कोण इचारंना."

यशराज का विचारत नव्हता ते आता सगळ्यांनाच कळलं. विचारायचं म्हणजे आधी शंभराची पाटी खोटी आहे हे कबूल करावं लागलं असतं. त्याने समोरचा कागद उचलला, दोनदा फाडला आणि गुरुप्रसादकडे बघायचा प्रयत्न केला. ते काही जमेना. शेवटी गुरुप्रसादनेच तालमीतल्यासारखा खांद्याला खांदा मारला.

"पाटी आत्ताच्या आत्ता बदल," यशराज म्हणाला. "आणि पुकारा राहू दे. आबांचाच."

"गदा तेवढी आबांच्या नावावर टाकू का?" गुरुप्रसादने विचारलं. "एका मिनिटाचं काम आहे."

"फुकटची गदा नगं," आबांनी दटावलं. मग जरा चाचरत म्हणाले, "एक पेटी उघडू का? शेवटची."

कुणाला नाही म्हणवेना. आबांनी बोट ठेवलं. हलगी कडाडली आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्यांनाच बजावू लागला, हजार पेट्यांत गदा एक. आबांनी तो मान हलवत शेवटपर्यंत ऐकला, पावती दिल्यासारखा. त्र्यंबकराव उभे राहून आबांच्या खांद्यावरून वाकले. शक्यता किती हे त्यांच्याइतकं तिथे कुणालाच पाठ नव्हतं, तरी त्यांनी श्वास रोखला होता.

झाकण उघडलं. आत लंगोट होता.

"हरलो की," आबा म्हणाले आणि नव्या दातांनी मनापासून हसले. "पर पुकारून हरलोय. आता कुनाबद्दल तक्रार न्हाय."

यशराजने त्यांच्या हातातला मोबाइल अलगद काढून घेतला आणि तो हात तसाच धरून बसून राहिला.