मलमलची तोंडपट्टी

सावनेरहून नागपूरला येणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी जो माणूस येऊन बसला, तो नखशिखांत पांढरा होता. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, पापण्यांवरसुद्धा! मला हसू आवरेना. पण तो खोकला... आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

तो कोरडा खोकला माझ्या ओळखीचा होता. आमच्या बाबांचा अगदी तस्साच. उभी हयात त्यांनी जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात घालवली, कापसाची धूळ छातीत भरून घेतली. तेव्हा नागपुरात नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागायची.

"तोंडाले काही बांधत नाही काहून तुम्ही?" मी विचारलंच. ओळख ना पाळख!

तो दचकला. "बांधतो नं रुमाल. घसरून जाते जी."

"मंग शिवून घ्या. नाका-तोंडावर नीट बसनारं."

"असं कोन शिवून देते?"

"मी!" बोलून गेले, आणि कान तापले. पण खोटं नव्हतं. पंचाहत्तर साल ते. दर शुक्रवारी मी सावनेरच्या शिवणवर्गात शिकवायला जायची.

त्याचं नाव रुपराव. पुढच्या शुक्रवारी मी त्याला मलमलची चौपदरी तोंडपट्टी दिली, मागे बांधायच्या नाड्यांसकट.

"मंग? हसले का लोक?" नंतर भेटल्यावर मी विचारलं.

"हसले नं! नवरी आली, नवरी, म्हने."

"अन् तुम्ही?"

"म्हटलं, नवरीचं तोंड पाहाचं असन तं पयले मुंहदिखाईचे पैसे काढा!"

मी इतकी हसले की कंडक्टरने वळून पाहिलं. काय माणूस होता! अख्ख्या जिनिंगने टिंगल केली, तरी गड्याने पट्टी काही सोडली नाही. मग हळूहळू टिंगल करणारेच आपल्यालाही पट्टी मागू लागले.

दर शुक्रवारी तो मळलेली पट्टी द्यायचा, मी धुतलेली द्यायची. देताना बोटं लागायची... दोघंही खिडकीबाहेर बघायचो. घरी पट्टी धुताना पाणी गढूळ व्हायचं. हे सगळं याच्या छातीत गेलं असतं, या विचाराने मी पट्टी आणखी जोरात चोळायची. जीव जडला होता माझा, दुसरं काय!

हिवाळा सरता सरता त्याचा खोकला थांबला. "प्रेमिला," एकदा तो हळूच म्हणाला, "तुह्या बाबांले भेटाले येऊ?"

मी घरी विषय काढला. बाबा, म्हणजे वामनराव, कडाडलेच. "जिनिंगवाला? नाही म्हंजे नाही! तुह्या मायनं माहा खोकला आयकत जलम काढला. तुले बी तेच पाहाचं हाय?"

ते खरंच होतं. रात्रभर उशी भिजवली मी.

रुपराव तरीही आला, थेट कामावरून. बाबांनी त्याला बस म्हटलं नाही. देवघरातला शंख आणून त्याच्या हातात दिला. "फूक. मले आता जमत नाही. छाती कशी हाय ते समजू दे."

पट्टी तोंडावरच होती. ती सोडताना घाबरून त्याने नाडीची गाठच आवळली! शेवटी मीच पुढे झाले. बाबांच्या देखत, त्याच्या मानेमागची गाठ सोडवली.

त्याने शंख फुंकला — नुसतं फुस्स. बाबांनी मान फिरवली. माझा तर जीवच गेला.

रुपरावने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला... आणि शंख असा घुमला, असा घुमला, की शेजारच्या शोभाताई पिठाच्या हातानेच धावत बाहेर आल्या. थांबेचना! बाबा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरले.

"माह्या येळेले असं शिवून देनारं कोनी भेटलं असतं तं..." ते पुटपुटले. मग नाक पुसत त्याला म्हणाले, "हे पट्टी कधी सोडजो नोको गा."

लालबुंद झालेला रुपराव माझ्याकडे बघून हसला.

"पट्टी बी नाही सोडत, बाबा. अन् शिवनारी बी नाही."