मोकळं पाणी

१९८० साली मी साकोलीच्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत होतो. बायको नागपूरला टेलिफोन खात्यात होती, महिन्यातून एखाद्या रविवारी भेट व्हायची. बाकीच्या रविवारी मी पहाटे सायकल काढायचो आणि एकोडीच्या रस्त्याने गायबोडी तलावावर जायचो. एकटं राहणं मला कधी जड गेलं नाही. उलट शाळेतल्या आठवड्यानंतर ते हवंसं वाटायचं.

दिवाळी सरली की गायबोडीवर बाहेरची बदकं उतरत. तोवर हलकं, लवकर पिकणारं धान कापून झालेलं असे, शेतांच्या बांध्यांमध्ये कडपा वाळत पडलेल्या असत आणि धुक्यात ओल्या तणसाचा वास भरलेला असे. मी तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, मोहाखाली पोतं अंथरून बसायचो, दुर्बिणीची काच रुमालाने पुसायचो आणि उजाडायची वाट पाहायचो. मग एकेक आकार धुक्यातून सुटा होई. लालसरी, थापट्या, काळेभोर चांदवे, शिट्ट्या घालणाऱ्या अडया. काठच्या चिखलात लांब तांबड्या पायांचे शेकाटे.

तलावात शिंगाडा लावला होता तुलारामने. तो एकोडीचा ढिवर, मासेमार. हंगामात तो आणि त्याची बायको सखाबाई पाळीच्या टोकाला झोपडी घालून राहत; मुलगा ईश्वर, सून आणि नातू गावात. तुलारामचा डोंगा पाण्यात निघाला तरी बदकं उडत नसत, जराशी बाजूला सरून वाट देत. एवढी त्यांना त्याची सवय.

"मोजून राहिले का गुरुजी?" तो डोंग्यातूनच ओरडायचा. "मोजा, मोजा. एखादं कमी भरलं तं मले नोका धरू."

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मला पहिल्यांदा ती जागा दिसली.

तलाव बदकांनी गच्च भरला होता. पण मधोमध, एखाद्या खळ्याएवढं गोल पाणी मोकळं होतं. वारा नव्हता. पोहत येणारं बदक त्या कडेपर्यंत येई, वळे आणि वळसा घालून पुढे जाई. नवा थवा उतरला तोही सगळा कडेकडेने उतरला. मी धुकं विरेपर्यंत पाहत बसलो. एकही पाखरू आत गेलं नाही.

बुडालेलं खोड असेल, फाटकं जाळं असेल, एखादं पाणमांजर असेल. मी तुलारामला काठावर बोलावून विचारलं.

"तिथं काय आहे हो, तुलारामभाऊ?"

त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "काही नाही जी. पानीच हाये." मग म्हणाला, "पर परवापासून मी बी पाहून राहिलो. चाला, जाऊन पाहू."

मी डोंग्यात बसलो. बदकं नेहमीसारखी जरा सरून वाट देत होती. मोकळ्या पाण्यात शिरलो आणि तुलारामने बांबू तळाला टेकवला. तळ साधा चिखलाचा. शिंगाड्याचे वेल इथेही तसेच पसरलेले. घाण वास नाही, बुडबुडे नाहीत. फक्त एक गोष्ट मला खटकली. थवा हाकेच्या अंतरावर होता, पण त्याचा कलकलाट बंद दाराआडून यावा तसा येत होता.

तुलारामने हात पाण्यात घातला आणि तसाच राहू दिला.

"थंडं असन?" मी विचारलं. त्याच्याशी बोलताना कधी कधी माझी बोली त्याच्यासारखी होई.

"थंडं नाही. गरम बी नाही." तो हाताकडे पाहत होता. "कसंचंच नाही जी."

मी चला म्हणालो तेव्हा त्याने हात बाहेर काढला.

परत येताना मी मागे तोंड करून बसलो होतो. आम्ही निघालो तशी मागची बदकं हळूहळू आत सरकली. थोड्याच वेळात मधलं मोकळं पाणी भरून गेलं. मला हायसं वाटलं. मग मी मान वळवून पुढे पाहिलं. डोंग्याच्या पुढची बदकं लांबूनच घाईघाईने बाजूला होत होती. दोन्ही बाजूंचीही. आमच्याभोवती खळ्याएवढं पाणी मोकळं होतं.

तुलारामलाही ते दिसलं असणार. त्याने बांबूचा जोर वाढवला.

पुढच्या रविवारी तलाव काठोकाठ भरला होता, कुठेही मोकळी जागा नव्हती. मी खुशीत होतो. पण डोंगा काठावर पालथा पडलेला दिसला, म्हणून झोपडीकडे गेलो.

सखाबाई बाहेर उभी राहून कोंबड्यांना दाणे टाकत होती. कोंबड्या लांब पळसाखाली माना उंच करून उभ्या होत्या.

"आठ दिवस झाले जी, दाराशी येऊनच नाही राहिल्या," ती म्हणाली. "मुंगूस असन म्हणून सारी झोपडी झाडली. काही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अन् हे असे पडून हायेत. साकोलीच्या डाक्टरले दाखवलं. सुई देल्ली त्यानं. ताप नाही म्हणते."

तुलाराम खाटेवर होता. चेहरा उतरला होता, पण डोळे स्वच्छ होते.

"काय होते, भाऊ?"

"दुखत काही नाही जी." त्याने दाराकडे पाहिलं. "सखा इथं बाजूलेच बसते. पर मले ते लय दूर वाटते. त्या पल्याडच्या काठावर बसल्यावानी. पोरगा आला, नातू आला, सारे तसेच. मी एवढा एकटा कधी नव्हतो गुरुजी. जंगलात रात काढली, तवा बी नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. अशक्तपणा, झोप, मनाचा खेळ.

"जराकसा हात धरता का जी?" तो म्हणाला.

मी खाटेच्या कडेला बसलो आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याने बोटं घट्ट आवळली. बाहेर सखाबाई कोंबड्यांना हाका मारत होती. आम्ही बराच वेळ तसेच होतो. उन्हाची तिरीप दारातून आत येऊन खाटेच्या पायापाशी पोचली तेव्हा त्याचा श्वास संथ झाला होता.

"आता बरं वाटते," तो डोळे मिटून म्हणाला. "सखाले बोलवा."

मी उठलो, तिला आत पाठवलं आणि सायकलकडे निघालो. मोहापर्यंत पोचलो असेन तोच मागून फडफडाट आला. वळून पाहिलं तर साऱ्या कोंबड्या पळत झोपडीत शिरत होत्या. दारात सखाबाई हसत उभी होती.

"आल्या पाहा, गुरुजी!" ती ओरडली.

मी सायकल मारत, गुणगुणत साकोलीला परतलो. आठवडा नेहमीसारखा सुरू झाला. वर्गातला गोंगाट मला जरा कमी वाटला; थंडीमुळे खिडक्या लावून घेतल्या असतील, असं मी धरून चाललो.

आठवडा संपायच्या आत ईश्वर शाळेत आला. डोक्यावरचं पागोटं हातात घेऊन तो व्हरांड्यात उभा होता.

"बाबा गेले जी. झोपेतच." त्याचा आवाज फुटला. "चांगले झाले होते. मासोळीचा रस्सा मागून खाल्ला, आईसंगं हासले, नातवाले मांडीवर घेतलं. अन् रात्री निजले ते उठलेच नाही."

दहाव्याला मी गायबोडीवर गेलो. पाळीवर मंडळी जमली होती. पिंड ठेवून झाले होते, शेजारी पळसाच्या पानावर भात आणि तळलेली मासोळी. ईश्वरने मला हाताला धरून पुढे, घरच्या माणसांत उभं केलं.

मोहावर कावळे होते. पुष्कळ होते. एकही खाली येईना.

"बाबा, आईले पाहीन मी," ईश्वर हात जोडून म्हणाला. "डोंगा इकणार नाही."

कावळे जागचे हलले नाहीत.

"नातवाले शिकवू," तुलारामचा भाऊ परसराम म्हणाला. "सखा, तू बोल. तुह्यात जीव अडकला असन."

सखाबाई काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. ऊन चढत होतं. कोणीतरी दर्भाचा कावळा करून शिववा म्हणालं, आणि ती पदर तोंडात घालून रडू लागली.

मी पाखरांचा अभ्यास असलेला माणूस. एवढी गर्दी असल्यावर कावळे कसे उतरतील, असं मनात आलं. निदान आपण तरी बाजूला व्हावं. मी कोणाला न सांगता मागे सरलो आणि पाळीवरून चालू लागलो.

दहा-पंधरा पावलं गेलो असेन.

मागून कावकाव आली. वळून पाहिलं तर कावळे उतरले होते. दोन, चार, मग सगळेच.

माझ्याखेरीज कोणीही जागचं हललं नव्हतं.

मी परत फिरलो. चार पावलं टाकली.

कावळे उडाले.

मी थांबलो. मग मागे मागे सरत गेलो. ते पुन्हा उतरले आणि भात खाऊ लागले.

आता सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या बाजूच्या पाण्यात बदकांची सळसळ झाली. मी तिकडे पाहिलं नाही.

सखाबाईने डोळे पुसले. पंगत मांडायला सांगितली. माणसं माझ्याकडे पाठ करून बसली. मला बोलवायला कोणी आलं नाही.

बऱ्याच वेळाने ती उठली. तिने एका पत्रावळीवर भात, रस्सा आणि मासोळी वाढली, ती दोन्ही हातांनी धरून पाळीच्या मध्यापर्यंत आली, पत्रावळ जमिनीवर ठेवली, लांबूनच हात जोडले आणि मागे न पाहता परत गेली.