चरबी जाते कुठे?

"सबबी सांगणं हा मानवजातीचा अखेरचा शत्रू आहे!" भोजनकक्षातल्या टेबलावर उभे राहून कप्तान रणधीर खानविलकर गरजले. "आगीला आपण जिंकलं, समुद्राला जिंकलं, आकाशाला जिंकलं. आता फक्त हे एक पोट जिंकायचं राहिलं आहे!"

असं म्हणून त्यांनी ते पोट आत ओढलं आणि छाती बाहेर काढली. त्यासरशी गणवेशाचं तिसरं बटण सुटलं, टणकन ताटावर आपटलं आणि कोठीप्रमुख भिकाजी सामंतांच्या उपम्यात जाऊन बसलं. सामंतांनी ते चमच्याने बाजूला काढलं आणि उपमा चालू ठेवला.

'शर्मिष्ठा' यान तेव्हा गुरूपासून एकेचाळीस दिवसांवर होतं. यान स्वतःभोवती फिरत असल्यामुळे वजन नावाची अडचण पृथ्वीवरच्याइतकीच होती, आणि दोन वर्षांच्या बैठ्या प्रवासात यानातल्या बावीस माणसांनी सरासरी नऊ नऊ किलो मिळवले होते. कप्तानांनी मोहीम जाहीर केली. महागडी यंत्रं नाहीत, पथ्याची पुस्तकं नाहीत. जेवण आहे तेवढंच. रोज दोन तास जोर, बैठका, सूर्यनमस्कार. आणि जो कोणी 'पण' किंवा 'कारण' या शब्दाने वाक्य सुरू करील, त्याला जादा पन्नास बैठका.

व्यायामाला वजनं हवीत, तर त्यासाठीही खर्च नाही. आणीबाणीत हवा शुद्ध करण्यासाठी ठेवलेल्या शोषकचुन्याच्या बारा पेट्या होत्या, एकेक आठ किलोची, मूठ असलेली. जणू डंबेल म्हणूनच घडवलेल्या.

भिंतीवर एक फळा लागला. त्यावर रोज एकच आकडा: सर्वांचं मिळून घटलेलं वजन. पहिल्या आठवड्यात नऊ किलो. दुसऱ्यात एकोणीस. टाळ्या पडत. सगळे घटत होते, सामंत सोडून.

"सामंत!" कप्तान रोज सकाळी हाक मारत.

"आलोच!" कोठीतून उत्तर येई. त्यामागून सामंत कधीच येत नसत. पण 'आलोच' ही सबब नव्हती. ते आश्वासन होतं, आणि आश्वासनाला नियमात शिक्षा नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात यानात भीती शिरली. कशाची, ते कोणाला सांगता येईना. माणसं झोपेतून छाती धरून उठत. दार लावलं की वाटे, आता हे उघडणार नाही. डोकी दुखत. चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. बोलायची मात्र सोय नव्हती, कारण भीती ही सुद्धा सबबच. त्यामुळे एकवीस घाबरलेली माणसं एकमेकांकडे बघून हसत आणि बैठका काढत.

"धाप लागते?" कप्तान म्हणत. त्यांनाही लागत होती. "म्हणजे दम कमी पडतोय. वीस सूर्यनमस्कार वाढवा!"

ऋजुता तांडेल ही यानाची वायुपाल. हवेची जबाबदारी तिची. तिच्या भीतीला कारण शोधायची गरज नव्हती, वायुमापकाचा काटा समोर होता. यानाच्या हवेत शंभर भागांत कर्बवायू पाव-अर्धा भाग असायचा. आता तो अडीच भागांच्या वर होता. ती तीन आठवडे शैवालटाक्यांत दोष शोधत होती. दिवे तपासले, पंप उघडले, शैवाल सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. शैवाल तिच्यापेक्षा ठणठणीत होतं.

तिसाव्या दिवशी ती डॉ. हमीद मुजावरांच्या खोलीत येऊन धपकन बसली.

"डॉक्टर, माझ्या टाक्या रोज बावीस किलो कर्बवायू खातात. बावीस माणसं, माणशी एक किलो, असाच हिशेब धरून त्या बांधल्यात. त्या अजूनही बावीसच खातायत. तरी हवेत एकशे तेवीस किलो जास्त आहे. आला कुठून?"

"बाहेरून तर येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "बाहेर काहीच नाही."

"मग मला एक सांगा. माणूस बारीक होतो तेव्हा चरबी जाते कुठे?"

"घामावाटे," डॉक्टर म्हणाले. मग थांबले. "नाही. घाम म्हणजे पाणी नि मीठ. तिची उष्णता होते... छे, वस्तुमानाची उष्णता व्हायला लागली तर आपण सूर्य होऊ." त्यांनी कागद ओढला आणि बराच वेळ समीकरण मांडत बसले. चेहरा उतरत गेला. "तांडेलबाई, बावीस वर्षं वैद्यकी केली. हजारभर लोकांना म्हटलं, वजन कमी करा. ते जातं कुठे, हे आज पहिल्यांदा लिहून बघतोय."

"कुठे जातं?"

"श्वासात. एक किलो चरबी जाळायला जवळजवळ तीन किलो प्राणवायू लागतो. बाहेर पडतो दोन किलो आठशे ग्रॅम कर्बवायू, उरलेलं पाणी. पृथ्वीवर खिडकी उघडी असते. कोणाला पत्ता लागत नाही."

ऋजुताला फळा आठवला. त्या सकाळचा आकडा होता चव्वेचाळीस. चव्वेचाळीस गुणिले दोन पूर्णांक आठ. तिने तोंडी गुणाकार केला. एकशे तेवीस.

"म्हणजे आपण सगळे..."

"आपली पोटं आपण हवेत सोडली आहेत," डॉक्टर म्हणाले, "आणि आता ती आपण श्वासातून आत घेतोय. ही भीतीसुद्धा त्यातलीच. कर्बवायू वाढला की मेंदू आधी घाबरतो, कारण मागाहून शोधतो."

"डॉक्टर, अकरा दिवसांनी ब्रेक लावायचाय."

गुरूच्या कक्षेत शिरायला इंजिन उलटं चार दिवस चालवायचं होतं, आणि तेवढे दिवस सगळी वीज इंजिनाला जाणार होती. शैवालटाक्यांवरचे दिवे बंद. चार दिवसांचा सगळा कर्बवायू हवेतच साठणार. साध्या हवेने सुरुवात केली तर ते पेलणारं होतं. आणि कप्तानांनी शेवटच्या अकरा दिवसांसाठी व्यायाम दुप्पट करायचं जाहीर केलं होतं.

"तिसऱ्या दिवशी सहा भागांच्या वर जाईल," ऋजुता म्हणाली. "तेव्हा कोणी शुद्धीवर नसेल. चौथ्या दिवशी इंजिन हाताने बंद करावं लागतं."

"आणीबाणीच्या चुन्याच्या पेट्या?"

दोघं व्यायामकक्षात धावले. ऋजुताने एक पेटी उचलून हलवली. महिनाभर आपटून आतल्या गोळ्यांचं पीठ झालं होतं. त्यातून हवा काय, फुंकरही जाईना. बाराही पेट्यांची तीच गत.

समोर सतरंजीवर वनस्पतितज्ज्ञ धायगुडे शवासनात पडला होता. कप्तान कौतुकाने त्याच्याकडे बोट दाखवत होते. "बघा! याला म्हणतात शवासन. पंधरा मिनिटं पापणी हलली नाही!"

डॉक्टरांनी वाकून धायगुडेची पापणी उचलली आणि त्याला खांद्यावर टाकून बाहेर पळाले.

"कप्तानसाहेब," ऋजुता म्हणाली, "व्यायाम ताबडतोब थांबवा. कारण..."

"सबब!" एकवीस गळ्यांना सवय झाली होती, जेवढे हजर होते तेवढे एकसुरात ओरडले.

"पण हवेत..."

"सबब!"

"शंभर झाल्या, तांडेल," कप्तान शांतपणे म्हणाले. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तिने शंभर बैठका काढल्या. प्रत्येक बैठकीला फुप्फुसातून काय बाहेर पडतंय, हे त्या कक्षात तिला एकटीलाच ठाऊक होतं. उठताना तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि काटा केसभर पुढे सरकला होता. तिने दिलेल्या इशाऱ्यानेच तो सरकवला होता.

ती कोठीत गेली. सामंत पोत्याला टेकून रव्याचे लाडू वळत होते. तिने सगळं सांगितलं. सांगताना ती रडत होती, आणि रडण्यात श्वास वाया जातोय म्हणून अधिकच रडत होती.

"तुझी चूक कळते का बाय?" सामंत म्हणाले. "तू खरं कारण सांगायला गेलीस. खरं कारण सगळ्यात लवकर पकडलं जातं. कप्तानाला उत्तर नको असतं. त्याला प्रश्न पडू दे."

"कसा?"

"त्याच्या फळ्यावर. तो दुसरं काही वाचत नाही."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर, चव्वेचाळिसाच्या खाली, ऋजुताच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: 'हवेत वाढलेला कर्बवायू: १२३ किलो.' पुढे काही नाही.

कप्तान टाळ्यांसाठी हात वर करून उभे राहिले आणि तसेच राहिले. त्यांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"तांडेल," ते म्हणाले, "याचा आणि चरबीचा काय संबंध?"

प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यावंच लागतं. सबबीचा नियम तिथे लागू नव्हता. ऋजुता चार मिनिटं बोलली. पाचव्या मिनिटाला टेबलाचा कोपरा धरून कप्तान खाली बसले.

त्या क्षणापासून यानात हालचाल बंद झाली. बावीस माणसं दहा दिवस आडवी पडून राहिली. पडलेल्या माणसाच्या श्वासाला टाक्या पुरून उरतात, त्यामुळे काटा रोज थोडा मागे आला. अडीचाचे दोन झाले, दोनाचा दीड. धायगुडेने डोळे उघडले. ब्रेकचे चार दिवस पडून काढले तर काटा तीनच्या आतच राहणार, असा ऋजुताचा हिशेब होता. अकराव्या दिवशी इंजिन गुरगुरलं, टाक्यांवरचे दिवे गेले आणि हिरवं पाणी काळं पडलं.

ब्रेकच्या दुसऱ्या दिवशीच काटा तीनवर आला. तिसऱ्या दिवशी साडेतीन.

"असं होऊच शकत नाही," ऋजुता कुजबुजली. भोजनकक्षात सगळे जमिनीवर ओळीने पडले होते. "कोणी हललेलं नाही."

डॉक्टर पडल्या पडल्या एकेकाची नाडी बघत सरकत होते. "एकशे वीस. एकशे अठरा. एकशे तीस. तांडेलबाई, हे हलत नाहीयेत, पण हे सगळे मनातल्या मनात पळतायत. घाबरलेलं हृदय पडून राहिलं तरी हवा खातं. कर्बवायूने भीती येते, भीतीने कर्बवायू वाढतो. ही आग आहे. हिला चुना लागू पडत नाही."

"चारच्या पुढे हात थरथरतात," ऋजुता म्हणाली. "उद्या इंजिन बंद कोण करणार?"

हे सगळ्यांनी ऐकलं. एकाच वेळी बावीस श्वास लांबले, आणि काटा तिच्या डोळ्यांदेखत सरकला.

कप्तान उठून बसले. चेहरा राखेसारखा. "सगळ्यात मोठी फुप्फुसं माझी आहेत. हवाकुलूप उघडून मी बाहेर गेलो, तर तुम्हा एकवीस जणांना..."

"आणि इंजिन?" डॉक्टर म्हणाले. "ती कळ तुमच्याशिवाय कोणाला वळत नाही."

"मग काय करू?" कप्तानांचा आवाज फाटला. "आतून कोणीतरी सारखं म्हणतंय, ऊठ, पळ! मला ते थांबवता येत नाही!"

"डॉक्टर," ओळीच्या टोकाकडून आवाज आला, "माझी नाडी बघितलीत?"

डॉक्टर सरकत गेले. "अठ्ठावन्न," ते चकित होऊन म्हणाले. "सामंत, तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते की. सारखी हाक मारते. ऊठ, पळ, मरशील." सामंतांनी डोळे मिटलेलेच होते. "मी म्हणतो, आलोच."

कप्तानांनी मान त्यांच्याकडे वळवली.

"तिला नाही म्हणायचं नाही," सामंत सावकाश म्हणाले. "नाही म्हटलं की ती भांडत बसते. कारणं सांगायची नाहीत. नुसतं आलोच म्हणायचं आणि पडून राहायचं. ती दारात उभी राहते. मग कंटाळते. माझा साठ वर्षांचा अनुभव आहे. कप्तानसाहेब, म्हणून बघा."

"आलोच," कप्तान घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि आडवे झाले.

"घाईत नको. येणारच नाही अशा सुरात."

"आलोच."

मग धायगुडे म्हणाला. मग ऋजुता. हळूहळू काळोख्या कक्षात ओळीने, इकडून एक, तिकडून एक, पुटपुटणं सुरू झालं: आलोच, आलेच, आलोच. अर्ध्या तासाने डॉक्टरांना शंभराच्या वरची एकही नाडी सापडेना. काटा सरकतच होता, पण एखाद्या म्हाताऱ्यासारखा, थांबत थांबत.

चौथ्या दिवशी ठरल्या घटकेला तो तीन पूर्णांक नऊवर होता. कप्तान भिंत धरून उठले. हात थरथरत नव्हता. त्यांनी कळ वळवली. गुरगुर थांबली. टाक्यांवरचे दिवे लागले, पाणी हिरवं झालं आणि खिडकीत, सगळी खिडकी भरून, गुरू दिसला.

कप्तानांचे डोळे भरून आले. त्यांनी एक खोल श्वास घेतला आणि छाती बाहेर काढली.

"मानवजातीच्या इतिहासात," ते म्हणाले, "आजचा हा दिवस..."

"कप्तानसाहेब," सामंत जमिनीवरून म्हणाले, "उठलाच आहात, तर तेवढा लाडवांचा डबा इकडे द्या."